विजापूरचा शहरकोट : वाटेतला थांबा की मुक्काम?

नाताळच्या सुट्टीत दक्षिणेकडे मोटारीने जाण्याचे बेत पुण्यात बरेच आखले जात असावेत, कारण या वेळी आलेल्या पत्रांतील चार पत्रे एकाच शहराविषयी आहेत. ती येथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही पुण्याहून स्वतःच्या मोटारीने बदामी आणि हंपीला जाणार आहोत. सोबत शाहत्तर वर्षांचे वडील आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. मुलगी नववीत आणि मुलगा पाचवीत आहे. वाटेत विजापूर लागते. नातेवाईक सांगतात की गोल घुमट दोन तासांत होतो, तो पाहावा आणि पुढे निघावे. परंतु विजापूर हे तटबंदी असलेले शहर आहे, असे मुलीने वाचले आहे आणि तिला तो तट पाहायचा आहे. एवढ्यासाठी मुक्काम करणे योग्य ठरेल का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : मुक्काम अवश्य करावा. आपल्या मुलीचे म्हणणे बरोबर आहे आणि नातेवाइकांचा सल्ला पुष्कळ जण पाळतात, म्हणूनच विजापूर ‘पाहिलेले’ अनेक लोक त्या शहराविषयी एका घुमटापलीकडे काही सांगू शकत नाहीत. गोल घुमट ही एका सुलतानाची कबर आहे. शहर मात्र तिच्यापेक्षा बरेच जुने आहे आणि ते कळायचे असेल तर तटापासून सुरुवात करावी लागते.

विजापूरच्या शहरकोटाचा परीघ सुमारे दहा किलोमीटर आहे. त्यात शहाण्णव बुरूज आणि पाच मुख्य दरवाजे होते : पश्चिमेला मक्का, वायव्येला शहापूर, उत्तरेला बहामनी, पूर्वेला अलीपूर आणि दक्षिणेला मंगोळी. मंगोळी दरवाजालाच औरंगजेबाच्या विजयानंतर फत्ते दरवाजा असे नाव मिळाले. हा कोट पहिल्या अली आदिलशहाच्या काळात, १५६५ च्या सुमारास पूर्ण झाला. तटाचे वेगवेगळे भाग दरबारातील वेगवेगळ्या सरदारांकडे बांधण्यासाठी सोपवले होते, असे मानले जाते, आणि तटाच्या कडेने थोडे चालले तरी ते पटते : एका ठिकाणी घडीव दगडांचे सांधे नीट जुळवलेले दिसतात, तर शंभर पावलांवर तोच तट ओबडधोबड होतो आणि बुरुजाचा आकारही बदलतो. कोणत्या सरदाराने मन लावून काम केले आणि कोणी कसेबसे उरकले, याचा हिशेब तेथे उघड्यावर मांडलेला आहे. नववीतल्या मुलीला यापेक्षा चांगला गृहपाठ कोणता द्यावा?

१५६५ या वर्षाचे आपल्या सहलीशी आणखी एक नाते आहे. त्या वर्षी २३ जानेवारीला तालिकोटच्या लढाईत विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बीदर येथील सुलतानांच्या एकत्रित फौजांनी विजयनगरच्या रामरायाचा पराभव केला आणि त्यानंतर हंपीची राजधानी उद्ध्वस्त झाली. आपण आधी विजापूर आणि मग हंपी पाहणार आहात. माझ्या मते हाच क्रम योग्य आहे, कारण जिंकणाऱ्याचे उभे शहर पाहून मग हरलेल्याच्या पडक्या बाजारपेठेत उभे राहिले की त्या लढाईचा अर्थ पाठ्यपुस्तकातील ओळीहून निराळा जाणवतो.

आता प्रवासाविषयी. पुणे ते सोलापूर अडीचशे किलोमीटर आणि सोलापूर ते विजापूर शंभर किलोमीटर, असे अंतर धरावे. दोन्ही टप्प्यांचा महामार्ग चांगला आहे. पहाटे निघून इंदापूर-टेंभुर्णीच्या आसपास न्याहारी केली आणि सोलापुरात लवकर जेवण उरकले, तर टाकळीच्या पुलावर भीमा ओलांडून आपण तिसऱ्या प्रहरी विजापुरात पोहोचाल. अंधार पडण्याआधी पोहोचण्याचा माझा आग्रह आहे, कारण डिसेंबरात कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू असतो आणि उसाने शिगोशीग भरलेल्या, मागे दिवा नसलेल्या दुहेरी ट्रॉल्या रात्री पुढ्यात येईपर्यंत दिसत नाहीत. नकाशात आणि मैलाच्या दगडांवर शहराचे नाव ‘विजयपुर’ असेल. २०१४ पासून तेच अधिकृत नाव आहे.

मोटार मुक्कामाच्या ठिकाणीच ठेवावी. कोटाच्या आतील जुन्या पेठांमध्ये ती अडचणच होते. पाहण्यासारखी महत्त्वाची स्थळे पूर्व-पश्चिम अशा एकाच पट्ट्यात आहेत : पूर्वेकडे कोटाच्या आत गोल घुमट, मध्यभागी अर्किल्ला म्हणजे बालेकिल्ला, पश्चिमेकडे तटावरील मोठी तोफ आणि त्या टोकाला मक्का दरवाजाबाहेर इब्राहिम रोजा. भाडे आधी ठरवून एक रिक्षा अर्ध्या दिवसासाठी घेतली, तर वडिलांचे चालणे बरेच वाचेल. रिक्षावाल्यांना दखनी आणि हिंदी येतेच, मराठीही अनेकांना समजते.

पहिल्या दिवशी दुपारनंतर पश्चिमेकडे जावे. इब्राहिम रोजा ही दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर, आणि मला विचाराल तर विजापुरातील सर्वांत देखणी वास्तू. इब्राहिमने १५८० ते १६२७ असे राज्य केले. संगीताचे त्याला अतिशय वेड होते. सरस्वती आणि गणपती यांना वंदन करणारी दखनी पदे त्याने रचली. बालेकिल्ल्याजवळ नरसोबाचे एक देऊळ आहे, त्याच्याशीही त्याच्या भक्तीच्या कथा जोडलेल्या आहेत. रोज्याच्या कबरीच्या दालनाला ज्या खिडक्या आहेत, त्यांच्या जाळ्या नेहमीच्या भौमितिक नक्षीच्या नाहीत. दगडात अरबी अक्षरेच अशी कोरली आहेत की अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागेतून उजेड आत यावा. आत उभे राहून बाहेरच्या उजेडाकडे पाहिले म्हणजे ती वाचण्याजोगी होतात. बाहेरून ती केवळ जाळी वाटते. मुलांना आधी काही न सांगता आत न्यावे. चौथऱ्याच्या पायऱ्या सोडल्या तर येथे वडिलांना त्रास होणार नाही, आणि बाग सपाट आहे.

परत येताना तटावरील शेर्झा बुरूज आणि मलिक-ए-मैदान ही तोफ पाहावी. तिच्याविषयी पुढच्या उत्तरात सविस्तर लिहिले आहे. तेथून जवळच उपळी बुरूज हा उंच, एकटा, गोल मनोरा आहे. तो १५८४ मध्ये बांधला. वर जाणारा दगडी जिना बाहेरच्या अंगाने, गोलाकार चढतो. वरच्या दोन तोफांपैकी लांब तोफ तीस फुटांहून अधिक आहे. येथून कोटाची रेषा, घरांच्या गर्दीत ती कोठे बुडते आणि कोठे पुन्हा वर येते, हे एका दृष्टिक्षेपात कळते. म्हणून मुलीला तट ‘पाहायचा’ असेल तर तो येथूनच. आजी-आजोबांनी खाली थांबावे. जिन्याच्या उघड्या बाजूला मुलांना एकटे सोडू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दार उघडताच, गोल घुमट गाठावा. सुट्टीच्या दिवसांत शाळांच्या बस येऊ लागल्या की वरच्या सज्जात कोणीतरी सतत ओरडत असते आणि ज्यासाठी एवढे चढून यायचे, तेच हरवते. त्या सज्जात एका टोकाला भिंतीशी हळू बोललेले पलीकडच्या टोकाला स्वच्छ ऐकू येते. ओरडण्याची आवश्यकता मुळातच नाही. (मुलांपेक्षा वडीलमंडळीच जास्त ओरडतात, हे येथे नोंदवणे भाग आहे.) वर जाण्याचे जिने कोपऱ्यांतील सात मजली मनोऱ्यांमधून जातात, पायऱ्या शंभराहून अधिक, उंच आणि अरुंद आहेत. आपल्या वडिलांनी हा चढ टाळावा. पण त्यांचे काही फारसे बुडेल असे समजू नका, कारण या इमारतीचे खरे कौशल्य खालूनच दिसते. चौरस दालनाच्या भिंतींपासून आठ मोठ्या कमानी निघतात, त्या एकमेकींना छेदत वर जाऊन चौकोनाचा अष्टकोन करतात आणि मग त्यावर वर्तुळाकार सज्जा आणि घुमट बसतो. बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा हा घुमट मध्ये एकही खांब न घेता उभा आहे. खाली एखाद्या कडेला निवांत बसून मान वर करून एकेक कमान डोळ्यांनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत न्यावी. मध्यभागी लाकडी छत्रीखाली मुहम्मद आदिलशहा आणि त्याच्या कुटुंबीयांच्या कबरींच्या खुणा आहेत. प्रत्यक्ष कबरी तळघरात आहेत. समोरच्या नगारखान्यातील संग्रहालय शुक्रवारी बंद असते, एवढे पाहून दिवस ठरवावा.

उरलेल्या वेळात बालेकिल्ला. तेथे गगन महालाची १५६१ च्या सुमाराची प्रचंड कमान आहे. दुसऱ्या अली आदिलशहाच्या अपुऱ्या कबरीच्या, म्हणजे बारा कमानीच्या, छप्पर नसलेल्या काळ्या कमानी तेथून चालण्याच्या अंतरावर आहेत. बालेकिल्ल्याच्या दाराजवळची १३२० ची करीमुद्दीन मशीद घाईत लोक सोडून देतात. तिचे खांब जुन्या देवळांचे आहेत. आदिलशाहीच्या दीडशेहून अधिक वर्षे आधीचे विजापूर तेथे शिल्लक आहे.

प्रश्न : विजापूरच्या मोठ्या तोफेचा आणि पुण्याचा काही संबंध आहे, असे एका व्याख्यानात ऐकले. तो कोणता? आणि ही तोफ विजापूरचीच का?
— एक निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : संबंध आहे, तो मुरार जगदेव या माणसामुळे. तोफ मात्र मूळची विजापूरची नाही.

मलिक-ए-मैदान १५४९ मध्ये अहमदनगरला, निजामशाहीसाठी ओतली गेली. ओतणाऱ्याचे नाव मुहम्मद बिन हसन रूमी असे तोफेवरच्या लेखात आहे. लांबी सुमारे चौदा फूट, बाह्य व्यास जवळजवळ पाच फूट आणि वजन ५५ टनांच्या आसपास सांगितले जाते. तोंड एका अक्राळविक्राळ श्वापदाच्या जबड्याचे आहे आणि त्या जबड्यात, दातांच्या मागे, चिरडला जाणारा हत्ती आहे. हा हत्ती लहान असल्याने लांबून कोणाच्या लक्षात येत नाही; जवळ जाऊन, तोंडाच्या बाजूला वाकून पाहावे लागते. तालिकोटच्या रणात ही तोफ होती असे मानतात. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती आणि तो किल्ला आदिलशाहीकडे आल्यावर १६३२ मध्ये मुरार जगदेवाने ती विजापूरला नेली. चारशे बैल आणि दहा हत्ती जुंपले होते, अशी परंपरागत माहिती आहे. आकड्यांची खात्री कोण देणार, पण ५५ टनांचा धातू भीमेपलीकडे नेणे म्हणजे काय, हे तोफेशेजारी उभे राहिले की वेगळे सांगावे लागत नाही.

हाच मुरार जगदेव त्याच्या दोन वर्षे आधी, १६३० च्या सुमारास, शहाजीराजांच्या जहागिरीतील पुण्यावर चालून आला होता. त्याने कसबा जाळला, गाढवाचा नांगर फिरवला आणि पहार ठोकून हे गाव पुन्हा वसू नये अशी द्वाही फिरवली. पुढे जिजाबाई आणि बाल शिवाजी यांच्या काळात कसब्याची पुन्हा वस्ती झाली, त्या वेळी सोन्याच्या नांगराची कथा आपल्याकडे सांगतात. आपल्या शहराच्या त्या दुर्दैवी प्रसंगाचा सूत्रधार आणि विजापूरच्या तटावरील ती तोफ आणणारा माणूस एकच, हे पुण्याच्या प्रवाशाने जाणून जावे. हाच मुरार जगदेव पुढे आपल्या भीमा-इंद्रायणी संगमावर तुळादानासाठी आला, त्यावरून तुळापूर हे नाव पडले असे मानतात. म्हणजे परिचय चांगला जुना आहे.

तोफेच्या नशिबी आणखी एक प्रसंग होता. १८५४ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी ती मोडीत काढण्यासाठी लिलाव पुकारला. सर्वांत मोठी बोली दीडशे रुपयांची आली आणि लिलाव रद्द झाला. ती वितळवणे कोणालाच परवडणारे नव्हते, यातच तिचे रक्षण झाले असावे.

पुणे-सोलापूर रस्त्यावरून कुर्डुवाडीमार्गे परांड्याला वळता येते. वेळ असेल तर तो भुईकोट अवश्य पाहावा, कारण तोफ कोठून निघाली हे पाहून मग ती कोठे गेली हे पाहणे अधिक आनंदाचे आहे. मात्र लहान मुले बरोबर असतील तर एका दिवसात परांडा आणि विजापूर दोन्ही करू नये.

प्रश्न : एवढ्या मोठ्या तटबंदीच्या शहराला वेढा पडल्यावर पाणी कोठून मिळत असेल? विजापूर तर कोरडवाहू भागात आहे.
— एक स्थापत्य अभियंता, बाणेर, पुणे

उत्तर : फारच चांगला प्रश्न आहे, आणि विजापुरात याचे उत्तर जमिनीवर आणि जमिनीखाली दोन्हीकडे पाहता येते. शहराच्या आत मोठ्या बावड्या होत्या. शहापूर दरवाजाजवळची चांद बावडी १५७९ ची. तिच्या धर्तीवर मक्का दरवाजाजवळ १६२० मध्ये ताज बावडी बांधली, ती दोन अष्टकोनी मनोऱ्यांच्या मधल्या भव्य कमानीतून खाली उतरते. बाहेरून येणारे पाणी पश्चिमेकडील तोरवीच्या बाजूने जमिनीखालच्या बोगद्यांमधून आणि दक्षिणेकडील बेगम तलावातून येत असे. हा तलाव मुहम्मद आदिलशहाने १६५१ मध्ये बांधला.

आपल्याला रस वाटेल असा भाग पुढे आहे. बेगम तलावाचे पाणी खोल पुरलेल्या मातीच्या नळांमधून शहरात आणले होते आणि त्या वाटेवर ठरावीक अंतरावर उंच चौकोनी मनोरे उभे केले होते; त्यांना गंज म्हणतात. पाणी नळातून मनोऱ्यात वर चढते आणि पुन्हा खाली उतरते, त्यामुळे नळावरील दाब आटोक्यात राहतो, हवा निघून जाते आणि गाळ तळाशी बसतो. मातीचा नळ दाबाने फुटू नये यासाठीची ही सोय आहे. हे गंज आज घरांच्या, दुकानांच्या मध्ये एकटे उभे दिसतात आणि त्यांचे काम ठाऊक नसल्याने पर्यटक त्यांना पहाऱ्याचे बुरूज समजतात. औरंगाबादची पाणचक्की पाहिलेल्यांना दख्खनमधील ही विद्या नवीन वाटू नये. पुण्यात कात्रजहून शनिवारवाड्याकडे आणलेले पाणीही त्याच परंपरेतले. परंतु विजापूरला मनोऱ्यांची संख्या आणि त्यांचे टिकणे, दोन्ही विशेष आहे.

वेढ्याविषयी थोडेसे. मोगल फौजा एप्रिल १६८५ मध्ये विजापूरला भिडल्या आणि सप्टेंबर १६८६ मध्ये शेवटचा सुलतान सिकंदर शरण गेला. दरम्यान औरंगजेब स्वतः वेढ्यावर आला होता. तटाची साधारण वीस फूट जाडी आणि बाहेरचा खंदक यांमुळे शहर वर्षाहून अधिक काळ टिकले. धान्य आणि चारा संपत गेल्यावर मात्र त्यांचा उपयोग उरला नाही. बाहेरची पाण्याची वाट शत्रूच्या हाती गेली तरी आतल्या बावड्या होत्या, म्हणून पाण्याने शहर पडले असे म्हणता येत नाही. आपण जाल तेव्हा गंज पाहायला रिक्षावाल्याला ‘पाण्याचा गंज’ असेच सांगावे. न समजल्यास ताज बावडीपासून सुरुवात करून आजूबाजूच्या जुन्या रहिवाशांना विचारावे.

प्रश्न : विजापूरहून बदामीला किती वाजता निघावे? आणि आसार महाल स्त्रियांना आतून पाहता येतो का?
— एक वाचक, हडपसर, पुणे

उत्तर : आसार महालात पैगंबरांचे पवित्र अवशेष असल्याची श्रद्धा आहे आणि तेथे स्त्रियांना आत प्रवेश देत नाहीत. समोरच्या तळ्याकडून त्याचे लाकडी खांबांचे उंच दर्शन मात्र सर्वांना घेता येते. नियमाविषयी दाराशी वाद घालण्यात आपला वेळ जाईल, इतकेच.

बदामीसाठी जेवण करून, दुपारी एकच्या सुमारास निघावे. जेवण एखाद्या साध्या खानावळीत घ्यावे : पातळ, कडक ज्वारीची भाकरी, भरल्या वांग्याची एणगाई, शेंगदाण्याची चटणी आणि वर दही. सोलापूरकरांना ही चव ओळखीची वाटेल, आपल्याला तिखट थोडे कमी सांगावे लागेल. पुढचा रस्ता कोल्हारच्या पुलावर कृष्णा ओलांडतो आणि बागलकोटवरून बदामीला जातो. साधारण सव्वाशे किलोमीटर. वाटेतील गावांत गतिरोधक बरेच आहेत आणि काहींवर पांढरे पट्टे नाहीत, तेव्हा घाई नको. उजेडात पोहोचल्यास अगस्त्य तीर्थाच्या काठावरची भूतनाथाची देवळे त्याच संध्याकाळी पाहून होतील, आणि लेण्यांसाठी दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी राहील.